बंबात काय घालायचं आणि काय नाही: रंगाचं लाकूड, प्लाय आणि धुरातून उडणारे धातू

थंडी पडली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांतून सकाळी सहाच्या आधीच बंबाचा धूर निघायला लागतो, आमच्याकडूनही निघतो. गीझर आहे, पण काका-काकूंना बंबाचंच पाणी लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला पारा ४-५ वर उतरला की मलाही तेच बरं वाटतं. त्यामुळे बंब बंद करा, शेगडी मोडीत घाला असलं काही मी सांगणार नाहीये. सांगायचंय ते एवढंच की त्यात काय घालताय ते बघून घाला, कारण लाकूड जळतं पण लाकडावरचा आणि लाकडातला धातू जळत नाही, तो एकतर धुराबरोबर वर जातो नाहीतर राखेत खाली बसतो. मोठ्या कारखान्यातल्या भट्टीच्या मागे धूळ पकडायला पिशव्यांचे फिल्टर असतात, आपल्या बंबाला, शेगडीला किंवा सोसायटीतल्या ड्रमच्या भट्टीला तसलं काहीच नसतं. जे काय गाळायचं ते लाकूड आत टाकायच्या आधीच.

हे सगळं डोक्यात आलं ते दोन वर्षांपूर्वी. वाड्याची मागची बाजू दुरुस्तीला काढली होती, मिस्त्रीने जुन्या खिडक्या-दारं काढून अंगणात रचून ठेवली आणि काकांनी लगेच त्यातल्या दोन खिडक्यांची बंबफोड करून घेतली. मी म्हटलं काका, हे रंगाचं आहे हो, तर म्हणाले अगं सागवान आहे, साठ-सत्तर वर्षांचं वाळलेलं, टालीवरचं ओलं लाकूड विकत आणण्यापेक्षा हे काय वाईट? वाळलेलं होतं हे खरंच होतं, भडाभडा पेटायचं, धूरही फार दिसायचा नाही. चार दिवसांनी बंबाची खालची राख काढली तेव्हा त्यात बिजागऱ्यांचे स्क्रू आणि खिळे तर होतेच, पण एक ज्वारीच्या दाण्याएवढा करडा, गोलसर मणीही सापडला. नखाने दाबला तर खूण उमटली, कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी रेघ आली.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. सॉल्ट अॅनालिसिसच्या, म्हणजे क्षारात कोणता धातू आहे ते ओळखायच्या, प्रॅक्टिकलमध्ये चारकोल कॅव्हिटी टेस्ट असते, कोळशात खड्डा करायचा, त्यात तपासायचा क्षार आणि सोडियम कार्बोनेट ठेवायचं आणि ब्लोपाइपने ज्योत मारायची. शिसं असेल तर गरम असताना पिवळं दिसतं आणि थंड झाल्यावर करड्या धातूचा मणी राहतो जो कागदावर रेघ ओढतो, जस्त असेल तर गरम असताना पिवळं आणि थंड झाल्यावर पांढरं, आणि आर्सेनिक असेल तर लसणाचा वास. दरवर्षी फळ्यावर लिहिते मी हे. आणि माझ्याच घरात बंबाच्या जाळीवर, धगधगत्या कोळशात, रंगातलं शिसं तसंच सुटं होऊन खाली पडलं होतं. खाली पडलं तेवढं निदान हातात तरी सापडलं, जे वर गेलं ते कुठे बसलं ते कोण सांगणार. वरच गच्चीत आमचे पापड-कुरडया वाळतात, आणि भाच्याची तीन वर्षांची मुलगी तिथेच खेळते.

वर जातं ते असं. विस्तवाच्या पोटात ८००-९०० अंश सेल्सिअस तापमान सहज असतं, जरा वारा मिळाला की त्याच्याही वर. कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं, जस्त ९०७ ला, आर्सेनिकचं ऑक्साइड तर ४६५ लाच. शिसं स्वतः उकळायला १७०० च्या वर लागतात, पण जवळपास क्लोरीन असेल, म्हणजे लाकडाबरोबर पीव्हीसीची पट्टी किंवा रेक्झिनचा तुकडा जळत असेल, तर त्याचं क्लोराइड होतं आणि ते ९५० अंशाला उकळतं. म्हणजे या धातूंची चक्क वाफ होते. ती वाफ नळीतून वर जाताना थंड होते आणि तिचे एका मायक्रॉनपेक्षाही बारीक कण तयार होतात, नाहीतर ती काजळीच्या कणांवर जाऊन बसते. आपला केस साधारण ५०-७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण डोळ्याला दिसत नाहीत, नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. लोखंड, क्रोमियम, निकेल यांचा बराचसा भाग मात्र खाली राखेतच राहतो, तांबंही बरंचसं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज, जो माझाही होता. आपल्याला वाटतं नीट पेटलं, धूर दिसला नाही म्हणजे काम स्वच्छ झालं. साध्या लाकडापुरतं ते बरोबर आहे, कोरडं लाकूड आणि भरपूर हवा दिली की काजळी आणि अर्धवट जळलेले वायू खूप कमी होतात. धातूंचं तसं नाही. आग जितकी कडक तितकं जस्त, कॅडमियम, शिसं जास्त उडतं, म्हणजे रंगाचं लाकूड कितीही हुशारीने जाळलं तरी सुटका नाही, मंद जाळलं तर काजळी आणि विषारी वायू, कडक जाळलं तर धातू. म्हणून त्याला जाळायची चांगली पद्धत अशी काही नाहीच, ते बाजूलाच काढायचं.

मग बाजूला काढायचं कसं ते बघू. लाकूड आणलं की फोडायच्या आधी उन्हात पसरा आणि एकेक तुकडा उलटसुलट करून बघा, घाईघाईत संध्याकाळच्या अंधारात करू नका. रंग, वॉर्निश, पॉलिश, पुट्टी, चिकटवलेला थर, काहीही दिसलं की वेगळा ढीग. रंगाच्या बाबतीत साल महत्त्वाचं आहे. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे आणि तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधी रंगवलेलं काहीही असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला, तपासून नाही निघालं तर उत्तम. जुन्या काळी सुतार-रंगारी अळशीच्या तेलात सफेदा कालवून लावायचे, त्या सफेद्यात कधी शिसं असायचं कधी जस्त, आज बघून ओळखता येत नाही. भडक पिवळ्या आणि पोपटी रंगात लेड क्रोमेट असायचं, आणि केशरी-लाल प्रायमरमध्ये रेड लेड, म्हणजे मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर असतो ना, तेच शिशाचं ऑक्साइड.

आमच्या खिडकीचा एक तुकडा मी पाणी मारून, ब्लेड तिरकं धरून कापला होता. वर चॉकलेटी, त्याखाली आकाशी, मग पिस्ता, परत एक हिरवा, मग मळकट पांढरा आणि अगदी लाकडाला चिकटून केशरी. नखाच्या जाडीत सहा थर, एकेका पिढीच्या लग्नाकार्याला लावलेले, आणि सगळ्यात जुना सगळ्यात खाली. म्हणून वरचा रंग नवा दिसतोय यावर जाऊ नका, कापून खालपर्यंत बघा. आणि कापताना कोरडं घासू नका, काचपेपर मारू नका, ती धूळ धुराइतकीच वाईट.

तपासायचंच असेल तर शिसं ओळखायच्या स्वॅब ऑनलाइन मिळतात, कापलेल्या तिरक्या भागावर घासायच्या, गुलाबी-लाल झाली की शिसं आहे. नाही झाली तर मात्र लगेच निश्चिंत होऊ नका, खालच्या थरापर्यंत स्वॅब पोचली नसेल तर ती काही दाखवणार नाही. आकडा हवा असेल तर मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये रंगाचा खपला देऊन करून घेता येतं. मला विचाराल तर दोन खिडक्यांच्या लाकडासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, जुना रंग आहे ना मग जाळू नका, संपलं.

रंगापेक्षा फसवं म्हणजे औषध पाजलेलं लाकूड, कारण ते दिसायला कोरंच असतं. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून लाकडात दाबाखाली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण भरतात, सीसीए म्हणतात त्याला. हा शोध आपल्याच देशातला आहे, देहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेशम यांनी १९३३ साली लावला आणि मग तो जगभर गेला. लाकूड टिकवायला ते फार चांगलं, पण जाळायला अत्यंत वाईट. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका कुटुंबाने असलं लाकूड घरातल्या शेगडीत जाळलं, आठ माणसं तीन वर्षं आजारी पडत राहिली, दर हिवाळ्यात जास्त, सगळ्यात जास्त त्रास दोन तान्ह्या मुलांना, केस आणि नखं तपासली तेव्हा आर्सेनिक सापडलं. ही केस १९८४ मध्ये मेडिकल जर्नलमध्ये छापून आली होती. दर हिवाळ्यात जास्त, हे वाचलं तेव्हा मला आमचाच बंब दिसला डोळ्यासमोर.

हे लाकूड नवं असताना हिरवट झाक असते पण उन्हापावसात ती जाऊन करडं दिसायला लागतं, म्हणून रंगावर विसंबू नका, ते कुठून आलं ते विचारा. कारखान्याच्या कूलिंग टॉवरच्या फळ्या, विजेचे किंवा टेलिफोनचे लाकडी खांब, कबाडीकडून स्वस्तात मिळालेले एकसारख्या मापाचे दांडे, असलं काही असेल तर सरळ नाही म्हणायचं. रेल्वेचे जुने स्लीपर पण नको, त्यात डांबरासारखं क्रिओसोट असतं, तो धातूचा प्रश्न नाही पण त्याचा धूरही विषारीच. ज्योत हिरवी-निळी दिसली तर तांबं असू शकतं किंवा बोरॅक्स, दोन्ही वेळा कळलं की लाकडाला काहीतरी पाजलंय आणि बाकीचं लाकूड बाहेर काढा, पण ज्योत साधी पिवळी आहे म्हणून लाकूड चांगलं असं मात्र होत नाही, शिसं आणि आर्सेनिक पिवळ्या ज्योतीत बिलकुल ओळखू येत नाहीत.

प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, सनमायका लावलेले तुकडे, हे फर्निचरवाले पोत्याने फुकट देतात आणि लोक आनंदाने घेऊन येतात. नको. त्यात गोंद म्हणून फॉर्मल्डिहाइडची रेझिन असते, कीड लागू नये म्हणून औषध असतं आणि कडेला पीव्हीसीची पट्टी असली की तिचं क्लोरीन वर सांगितलं तसं धातूंना उडायला मदतच करतं. पॅकिंगच्या पेट्यांवर आणि पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) शिक्का असतो, एचटी लिहिलं असेल तर फक्त गरम करून कीड मारलेली असते, ते कोरं असेल तर चालेल, एमबी लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, ते सोडा, आणि रंगवलेलं पॅलेट कुठलंही असो सोडाच.

मग जाळायचं काय? टालीवरून सरळ झाडाचं लाकूड घ्या, बाभूळ, विलायती बाभूळ, जे आपल्याकडे चंबळच्या बीहडात पसरलेलंच आहे. फोडून, पावसापासून झाकून पण बाजूने वारा लागेल असं रचून निदान एक उन्हाळा जाऊ द्या. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, जाळायला २० टक्क्यांच्या खाली पाहिजे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक कडक आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर ओलं आहे, टोकाला चिरा पडलेल्या असल्या तर वाळलंय. साल सुटत असेल तर काढून टाका, लाकडात राख एक टक्क्याच्या आसपास पण सालीत त्याच्या कितीतरी पट, आणि रस्त्याकडेच्या झाडाच्या सालीवर तर बसलेली धूळही असते. करवंट्या चांगल्या, गोवऱ्यांची राख फार. कोऱ्या लाकडातही अगदी थोडं जस्त आणि कॅडमियम असतंच, झाड मातीतून घेतं ते, पण कोऱ्या बाभळीचा धूर आणि रंगाच्या खिडकीचा धूर एका तागडीत तोलू नका.

खिळे, स्क्रू, बिजागरी काढूनच घाला. साधा लोखंडी खिळा बहुतेक राखेतच पडतो पण पांढरा चकचकीत खिळा म्हणजे जस्ताचा मुलामा, तो उडतो. याच कारणाने जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याची बादली किंवा जीआयची जाळी शेगडी म्हणून वापरू नका, जस्ताच्या वाफेने थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा, त्यांना माहीत असतो तो ताप. ड्रमची भट्टी करायची असेल तर ड्रमवर आतून-बाहेरून रंग असतो आणि आधी त्यात काय होतं कोण जाणे, पहिल्याच जाळात ते सगळं उडतं, त्यामुळे खरं तर ड्रम नकोच, झाडाचा पालापाचोळा खड्ड्यात कुजवा. शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे ५००० रुपये दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५०००.

बंब पेटवताना थोडंथोडं घाला, नळी गच्च भरू नका, खालची जाळी रोज मोकळी करा. धूर गच्चीच्या वर जाईल एवढं धुराडं असू द्या, न्हाणीघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या खिडकीत नको. आणि बंद खोलीत शेगडी घेऊन कधीही झोपू नका, त्यात धातूचा संबंध नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, दर थंडीत कुठे ना कुठे होतं. शक्य असेल तर पहाटे न पेटवता ऊन वर आल्यावर पेटवा, थंडीत पहाटे गार जड हवा खाली दबून बसलेली असते आणि धूर गल्लीतच फिरत राहतो. २०१६ च्या डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) यादीत पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांमध्ये, ग्वाल्हेर जगात दुसऱ्या नंबरवर होतं, आपल्या हवेत आधीच जागा शिल्लक नाही.

राखेबद्दल नीट सांगते कारण इथे घरातल्या बायकांचा हात लागतो. कोऱ्या लाकडाच्या जाळीखालच्या राखेने भांडी घासा, थोडी कुंडीत घाला, हरकत नाही. पण नळीतून आणि धुराड्यातून खरवडून निघालेली काजळी आणि भुकटी कधीही मातीत किंवा भांड्याला लावू नका, उडालेलं जस्त-कॅडमियम तिथेच येऊन बसलेलं असतं. आणि चुकून रंगाचं किंवा प्लायचं लाकूड जळलं असेल तर ती सगळीच राख वाया गेली म्हणून समजा, तुळशीत नाही, भांड्याला नाही, दात घासायला तर नाहीच नाही. ती झाडूने झाडू नका, पूर्ण गार झाली की पाण्याचा हलका फवारा मारा, एन ९५ मास्क लावून पत्र्याच्या सुपलीने उचला, जाड पिशवीत दुहेरी बांधा, वर चिठ्ठी लावा आणि कचरागाडीवर घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा डबा असतो त्यात द्या. मग ओल्या फडक्याने जमीन पुसा, फडकंही त्याच पिशवीत. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, बारीक कण मागून परत बाहेर येतात. लहान मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा, पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा मुलांच्या अंगात ४-५ पट जास्त शोषलं जातं, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळी नाहीच.

घरात आधीच असलं लाकूड बरेच दिवस जळलं असेल आणि लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या, साधी रक्ताची टेस्ट आहे. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा असं डब्ल्यूएचओ सांगतं. आम्ही भाच्याच्या मुलीची करून घेतली तेव्हाच काकांनी उरलेल्या खिडक्यांवर ताडपत्री टाकली, मला परत काही बोलावं लागलं नाही.

जुन्या दारं-खिडक्यांचं काय करायचं हे बरेच जण विचारतात. सागवान असेल तर अख्खीच्या अख्खी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विका, पण रंग जुना आहे हे त्याला तोंडाने सांगा, तो रंधा मारणार असेल तर त्याच्या माणसाच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे. स्वतः वापरायची असेल तर केमिकल रिमूव्हरने रंग काढा, हीट गन किंवा ब्लोलँप नको, त्याने परत तेच होतं जे बंबात झालं. होळीच्या ढिगावर तर ठेवूच नका, दरवर्षी कोणाचं तरी मोडकं दार त्यात असतंच आणि आपण पोरांना घेऊन त्याच्याभोवती उभे असतो. जाळलेल्या दोन सोडून आमच्या नऊ खिडक्या उरल्या होत्या, पाच विकल्या, दोन रंग काढून वरच्या खोलीत परत बसवल्या, उरलेल्या दोन अजून गच्चीच्या जिन्याखाली आहेत, त्यांचा रंग मी या उन्हाळ्यात काढणार आहे.